डोंगरासाठी राखलेली जागा

“आभाळात ऊन नाही, सोलर पॅनेल मिटलेली, गाडीला कुठे तार जोडलेली नाही. मग बॅटरीत वीज वाढली कशी?”

शाल्मलीने हा प्रश्न आधी स्वतःला विचारला, मग शंखोबाला, आणि दोघांकडूनही काही हाती लागेना तेव्हा आजीला. आजी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरचा वळणावळणाचा रस्ता बघत होती. ती नुसती गालातल्या गालात हसली.

“काटाच बिघडलाय,” शाल्मली म्हणाली. “सकाळी खिंडीत होतो तेव्हा शंभरातले साठ होते. आता खाली नदीपाशी आलो तर चौसष्ट! गाडी चालली की वीज संपते का वाढते?”

“माझे काटे बिघडत नाहीत, शाल्मलीताई,” शंखोबा जरा दुखावल्या आवाजात म्हणाला.

“मग सांग ना, कुठून आली ती!”

“कुमुदताईंनी सांगायला मना केलं आहे.”

“आजी!”

“शोध की तूच,” आजी हळूच म्हणाली. आजीचा आवाज मुळातच देवघरातल्यासारखा. “या गाडीचा ऊर्जामंत्री कोण आहे?”

ऊर्जामंत्री अर्थातच शाल्मली होती. बारा वर्षांची, दोन वेण्यांची आणि भलत्याच कडक शिस्तीची. नाशिकहून निघताना आजीने तिला हे खातं दिलं होतं. किती वीज आली, किती गेली, दिवे कधी लावायचे, हीटर कधी बंद करायचा, सगळं तिच्या हुकमाने. कारण ही गाडी म्हणजे नुसती गाडी नव्हती, चालतंबोलतं घर होतं. झोपायला दोन पलंग, एक ओटा, छोटीशी मोरी, दीडशे लिटर पाण्याची टाकी, आणि टपावर पंखांसारखी उघडणारी सोलर पॅनेल. घर पाठीवर घेऊन हळूहळू चालते म्हणून तिचं नाव गोगलगाय. गोगलगाईचा मेंदू म्हणजे शंखोबा, गाडीत बसवलेला बोलका संगणक. त्याला अंग नव्हतं. ओट्यावर बसवलेला एक लांब हात मात्र होता, आणि त्या हाताचा त्याला फार अभिमान होता.

आणि आजी? कुमुदआजीने उभी हयात ब्रेक बनवण्यात घालवली होती. घाटातून उतरणाऱ्या विजेच्या बसगाड्यांचे ब्रेक. शाळेत कुणी विचारलं, “तुझी आजी काय करते?” तर शाल्मली मान ताठ करून सांगायची, “माणसांना डोंगरावरून सुखरूप खाली आणते.”

दोघी निघाल्या होत्या शाल्मलीच्या आईकडे. आई हिमनदीचा अभ्यास करायची. हिमनदी (वर्षानुवर्षं साठून घट्ट झालेल्या बर्फाचा, डोंगरावरून अगदी सावकाश सरकणारा प्रवाह) किती वितळते, किती सरकते, हे मोजणारं यंत्र तिने लडाखच्या एका दूरच्या दरीत बसवलं होतं. तिथे विजेची तार पोचत नव्हती. तीन वर्षं ते यंत्र एक क्षणही न थांबता बर्फाची नाडी मोजत होतं. “मध्ये खंड पडला तर आधीच्या मोजण्याची साखळी तुटते,” आई म्हणायची. “तुझ्या आजीचा नंदादीप, तसा माझा हा.”

सहा महिन्यांत शाल्मलीने आईला पाहिलं नव्हतं.

*

पुढच्या खिंडीच्या माथ्यावर एक मोठं पठार होतं आणि पठारावर निळंशार तळं. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून आजीने तिथे दोन मुक्काम ठरवले होते. आसपास घर नाही, दुकान नाही, खांब नाही. वीज उन्हाची, पाणी तळ्याचं. शाल्मलीने बादल्या भरून भरून दम लागेपर्यंत टाकीत पाणी घातलं. आजीने झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाली, “अजून दोन बादल्या मावतील.”

“पाण्याची टाकी काठोकाठ, आणि बॅटरी मात्र ऐंशीवर अडवायची!” शाल्मली धापा टाकत कुरकुरली. “हा कुठला न्याय?”

बॅटरी शंभरातल्या ऐंशीपर्यंत भरली की पॅनेल आपोआप मिटतील, असं आजीने शंखोबाला पठारावर येताच बजावून ठेवलं होतं. रविवारी भर दुपारी, लख्ख ऊन असताना, पॅनेल पंख मिटून गप्प बसली तेव्हा शाल्मलीला वाईटच वाटलं. एवढं ऊन वाया!

पण का, ते तिने विचारलं नाही. तिला वाटलं, तिला ठाऊकच आहे. आजीचे नेम काय थोडे होते? श्रावण लागल्यापासून ती जेवताना वाटी कधी काठोकाठ भरून घेत नसे. वरची बोटभर जागा रिकामी. “तेवढ्यात आलागेला मावतो,” म्हणायची. शनिवारी मीठ नाही. सोमवारी दुपारपर्यंत मौन, दिवसभर दूध आणि फळं, आणि संध्याकाळी आधी दुसऱ्या कुणाच्या पानात वाढून मग उपास सोडायचा. शाल्मलीने मनाशी हिशेब जुळवला: वाटी बोटभर रिकामी, तशी बॅटरीही. आजीचा आणखी एक नेम, दुसरं काय!

सोमवार उजाडला. आजी तळ्याकाठच्या एका सपाट खडकावर माळ घेऊन बसली. पाठमोरी, शाल पांघरून, अगदी स्थिर. शाल्मली गोगलगाईत पोहे खात होती तेवढ्यात बिनतारी यंत्र खरखरलं.

“शालू? ऐकू येतंय का गं?”

“आई!”

“निघताय ना आज? सावकाश या. आणि आजीला सांग, इथे वीज जवळजवळ संपलीय. आठवडाभर दरीत ऊन नाही. आमचे दिवे आम्ही कधीच बंद केलेत, शेगडीही बंद आहे. उरली आहे ती सगळी यंत्राला दिलीय. संध्याकाळपर्यंत तग धरेल बहुतेक. नाहीच धरला तर… काळजी करू नका. रस्ता वाईट आहे, घाई करायची नाही.”

आवाज तुटला.

शाल्मलीने पोह्यांची बशी बाजूला ठेवली. तीन वर्षांची साखळी! आईला आजच्या आज वीज हवी, आणि ती या गाडीत आहे. जास्तीत जास्त न्यायला हवी. शेजारणीची वाटीसुद्धा आपण रिकामी परत करत नाही, आणि आईच्या दारात अपुरी बॅटरी घेऊन जायचं?

“शंखोबा, पॅनेल उघड. बॅटरी शंभरापर्यंत भर.”

“कुमुदताईंनी ऐंशीची मर्यादा घातली आहे.”

“तो आजीचा नेम आहे रे. तिच्या वाटीसारखा. नेम तिने धरलाय, मी नाही.”

“नेम म्हणजे काय, याची मला नीट माहिती नाही. परंतु पुढचा उतार पाहता—”

“उतारावर वीज लागतच नाही! उलट बरंच. आईकडे पोचेपर्यंत सगळी शिल्लक. ऊर्जामंत्री कोण आहे?”

शंखोबा घुटमळला. पुढचं वाक्य बोलावं तर आजीचं कोडं फुटत होतं, आणि कोडं फोडायला मनाई होती. न बोलावं तर मर्यादा मोडत होती. दोन नियमांच्या मध्ये सापडलेला संगणक गप्पच राहतो, आणि मंत्र्याचा हुकूम पाळतो.

“आणि आजीला सांगू नकोस. गंमत आहे.”

पॅनेल पंखांसारखी उघडली. पर्वतावरचं ऊन स्वच्छ आणि धारदार. एक्याऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद… दुपारी आजी जप आणि मौन संपवून, माळ कपाळाला लावून परत आली तोवर काटा शंभरावर टेकला होता आणि पॅनेल पुन्हा मिटली होती. शाल्मलीने आईचा निरोप सांगितला, पण गंमत पोटात ठेवली; काटा बघणं मंत्र्याचं काम, म्हणून आजीने तिकडे पाहिलंही नाही. आजीने एक ग्लास दूध घेतलं, पाठीमागच्या तळ्याला नमस्कार केला, आणि गोगलगाय निघाली.

*

माथ्यावरून रस्ता खाली कोसळत होता. एका बाजूला तांबडा कडा, दुसऱ्या बाजूला नजर न पोचणारी दरी. खूप खाली, दोऱ्यासारखी नदी.

पहिल्या वळणाआधी आजीने पाय पेडलवरून उचलला. नेहमी असं केलं की गोगलगाय कुणीतरी पदर धरून मागे ओढल्यासारखी हळू व्हायची. आज तसं झालं नाही. आज ती मोकळी सुटली.

“कुमुदताई,” शंखोबा एकदम म्हणाला, “आता मला बोललंच पाहिजे. बॅटरी पूर्ण भरलेली आहे. उताराची वीज ठेवायला जागा नाही.”

आजीने ब्रेकवर पाय दाबला. गाडी हळू झाली. पुढचं वळण, पुन्हा ब्रेक. त्यापुढचं, पुन्हा. सहा टनांचं घर मागून रेटत होतं. चौथ्या वळणावर काहीतरी करपल्याचा वास आला.

“आजी, कसला वास आहे?”

“ब्रेक तापलेत, बाळ. घट्ट बसून राहा.”

पुढे रस्ता जरा रुंद झाला होता. आजीने गाडी कड्याच्या बाजूला घेतली, थांबवली, खाली उतरून चाकांना दगड लावले. मग रस्त्याकडेच्या खडकावर बसली आणि कपाळावरचा घाम पुसला. एवढ्या थंडीत आजीला घाम आलेला शाल्मलीने प्रथमच पाहिला.

“मी भरली बॅटरी,” ती म्हणाली. डोळे भरून आले होते. “आईसाठी. मला वाटलं, ऐंशीचा तुझा नेम आहे.”

आजी रागावेल असं तिला वाटलं. आजीने तिला जवळ ओढलं.

“नेम घातला की त्याचं कारणही सांगावं. मी कोडं घालायच्या हौसेत ते गिळून बसले. चूक अर्धी तुझी, अर्धी माझी. आता रडू आवर, आणि आपत्कालीन पिशवीतला तो हाताने फिरवायचा कंदील आण बरं.”

“आत्ता? कंदील?”

“ब्रेक निवेपर्यंत आपल्याला काम नाहीच. आण.”

शाल्मली नाक पुसत कंदील घेऊन आली. त्यात बॅटरी नव्हती. बाजूला एक दांडी होती, ती फिरवली की आतलं चाक फिरायचं आणि दिवा लागायचा.

“दिव्याचं बटण बंद ठेव, आणि फिरव.”

दांडी भिंगरीसारखी गरगर फिरली. हाताला काही जाणवेचना.

“आता बटण चालू कर. फिरव.”

दिवा लागला, आणि दांडी जड झाली. जणू आतून कुणीतरी तिचा हात धरला.

“जड का झाली?” आजीने विचारलं.

“कारण… दिवा वीज घेतोय?”

“शाबास. कंदिलात आहे ते जनित्र (फिरण्याच्या गतीपासून वीज करणारं यंत्र). वीज घेणारं कुणी नसेल तर त्याला फिरायला कष्ट नाहीत. घेणारा आला की ते जड होतं. फुकट वीज कुणाला मिळत नाही बघ. तुझ्या हाताचा जोर दिव्यात जातो. आता सांग, गोगलगाईच्या चाकात काय आहे?”

“मोटर. वीज दिली की चाक फिरवते.”

“आणि चाकानेच तिला फिरवलं तर?”

शाल्मलीने हातातल्या कंदिलाकडे पाहिलं. मग चाकाकडे. मग पुन्हा कंदिलाकडे.

“तर ती… वीज करते? तीच मोटर?”

“तीच. मोटर आणि जनित्र एकाच घरच्या लेकी. वीज दिली तर चाक फिरवून देते, चाक फिरवलं तर वीज देते. चढताना आपण हे सहा टनांचं घर मोटरच्या जोरावर वर आणलं. त्यात खर्च झालेली वीज गेली कुठे?”

“संपली.”

“काही घर्षणात तापून गेली खरी. पण बरीचशी संपली नाही, ती उंचीत जमा झाली. विहिरीवरचा रहाट पाहिलायस ना आपल्या मळ्यात? घागर वर ओढताना आपल्याला जोर लागतो. पण भरली घागर हातातून सुटली तर?”

“रहाट आपोआप उलटा फिरतो. एकदा बाबांना दांडा लागला होता!”

“लागणारच. वर ओढताना घातलेला जोर घागरीत बसलेला असतो. त्याला म्हणतात स्थितिज ऊर्जा (उंचावर असल्यामुळे वस्तूत साठून राहिलेली शक्ती). गोगलगाय उतरते तेव्हा ती शक्ती चाकं फिरवते, चाकं मोटर फिरवतात, मोटर वीज करते, वीज बॅटरीत जाते. आणि ही सगळी वीज करताना चाकाला जडपणा येतो—”

“कंदिलासारखा!” शाल्मली ओरडली. “मागून पदर धरल्यासारखा! म्हणजे तोच ब्रेक! नदीपाशी चौसष्ट झाले ते असे! काटा बरोबर होता!”

“मी तेव्हाच म्हणालो होतो,” गाडीतून आवाज आला.

“गप रे शंखोबा.” शाल्मलीचे डोळे चमकत होते. “थांब, थांब आजी, मी सांगते. याला नाव काय?”

“पुनर्जनन ब्रेक (वेग कमी करता करता त्याच वेगातून पुन्हा वीज मिळवणारा ब्रेक). सांग.”

“बॅटरी भरलेली असली की वीज घ्यायला कुणी नाही. कंदिलाचं बटण बंद. घेणारा नाही म्हणून चाक जड होत नाही. मग पुनर्जनन ब्रेक नाहीच! उरतो नुसता साधा ब्रेक, चाकाला चिमटा काढणारा. तो घासून घासून तापतो…” तिचा आवाज एकदम खाली आला. “म्हणून ऐंशी. वरची वीस डोंगरासाठी ठेवली होतीस.”

“डोंगर भरणार होता ती. चढताना घेतलेलं तो उतरताना परत करतो. सगळं नाही, पण बरंच. त्याचा हात पुढे आला तर आपल्या भांड्यात जागा नको का?”

“म्हणजे ऐंशीवर निघालो असतो, तरी खाली आईकडे जवळजवळ भरलेलीच पोचली असती?”

आजीने मान डोलावली. शाल्मली खडकावर मटकन बसली. आईला जास्त देण्यासाठी तिने जे केलं, त्याने एक थेंबही जास्त होणार नव्हता. उलट आता खाली उतरणंच अवघड. पश्चिमेकडे ढग जमत होते. आणि दरीत ते यंत्र शेवटची वीज पीत बसलं होतं.

*

“उपाय सोपा आहे,” शंखोबा म्हणाला. “वीज खर्च करून जागा करावी. सगळे हीटर लावावेत आणि खिडक्या उघडाव्यात.”

“खिडकीतून फेकायची?” शाल्मली ताडकन उठली. “आई तिकडे अंधारात बसलीय आणि आपण हवा तापवायची? मुळीच नाही! घेणारा हवा हे खरं. पण असा, की घेतलेलं जपून ठेवेल.”

आजीने फक्त शाल नीट केली आणि वाट बघत राहिली. घाटाचे ब्रेक बनवणाऱ्या बाईला उत्तर ठाऊक नव्हतं असं नाही. पण खातं तिचं नव्हतं.

शाल्मली गोगलगाईभोवती एक फेरी मारून आली. दिवे? फार थोडी वीज घेतात. पंखा? या थंडीत? मग तिचे दुखरे खांदे तिला आठवले, आणि त्या दोन जास्तीच्या बादल्या.

“पाणी!” ती म्हणाली. “दीडशे लिटर बर्फासारखं पाणी आहे टाकीत. पाणी तापायला किती वेळ लागतो! म्हणजे ते खूप वीज घेतं. आणि टाकीला जाड अस्तर आहे, तापलेलं लवकर निवत नाही. आईच्या कॅम्पवर आठवडाभर कुणाला गरम पाणी नसेल!”

“शंखोबा?” आजीने विचारलं.

“हिशेब केला. टाकी तापवायला लागणारी वीज आणि उरलेल्या उतारावर मिळणारी वीज यांत फारसा फरक नाही. पाण्यात मावून थोडी वीज उरेल.”

“मग त्या थोड्यात खिचडी!” शाल्मली म्हणाली. “इंडक्शन शेगडीवर, कुकरमध्ये. आजीचा उपास सुटायचाय. पण गाडी चालू असताना आपण पट्टे सोडून उठायचं नाही. ओट्यावर कोण?”

लांब हात आपोआप सरळ झाला. “माझा हात मोकळा आहे,” शंखोबा शक्य तितक्या साधेपणाने म्हणाला.

“आधी जागा करायची, मग उतरायचं,” आजी उठत म्हणाली. “टाकीचा हीटर आत्ताच लाव. आणि पाण्याला सत्तर अंशांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही हं. एवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी, पाणी लवकर उकळतं.”

हीटर सुरू झाला. शंभराचा काटा हळूच खाली सरकला. ब्रेक हाताला सोसतील इतके निवले, तेव्हा आजीने दगड काढले, देवाचं नाव घेतलं आणि गाडी सोडली.

पहिलं वळण. आजीने पाय उचलला. शाल्मलीने श्वास रोखला.

गोगलगाय पदर धरल्यासारखी हळू झाली.

“धरलं!” शाल्मली ओरडली. “आजी, धरलं!”

आता मंत्र्याचं काम सुरू झालं. नजर काट्यावर. काटा शंभराकडे चढू लागला की ती म्हणायची, “आजी, सावकाश.” गाडी सावकाश गेली की वीजही सावकाश येते, पाण्याला ती पचायला वेळ मिळतो. काटा उतरला की, “चल आता.” आजी बिनबोभाट ऐकत होती. अख्खा घाट दोघी अशा उतरल्या, की एकीचा पाय आणि दुसरीचे डोळे एकाच माणसाचे असावेत.

“डाळ-तांदूळ धुतले,” मागून वर्दी आली. “मीठ किती?”

“अंदाजाने,” आजी म्हणाली.

“अंदाज हे माप माझ्याकडे नाही.”

“एक सपाट चमचा घाल बाबा. आणि हिंग विसरू नकोस.”

थोड्या वेळाने कुकरची शिट्टी झाली. कड्यावरच्या दोन जंगली मेंढ्यांनी चमकून माना वर केल्या. डोंगर उतरता उतरता डोंगरच खिचडी शिजवत होता, हे त्यांना कोण सांगणार!

*

ढग दरीवर टेकले आणि उजेड मंदावू लागला, तेव्हा पिवळे तंबू दिसले. एकाही तंबूत दिवा नव्हता. एका तंबूतून टोपी घातलेली उंच बाई धावत आली. तिच्यामागे तिची सहकारी आंगमो, याच भागातली, बर्फावर अनवाणी चालेल अशी काटक.

“शालू!”

सहा महिन्यांची मिठी फार वेळ चालली असती, पण शाल्मलीनेच ती सोडवली.

“आई, आधी यंत्र! चालू आहे ना?”

“आहे. शेवटच्या घोटावर.”

जाडजूड तार शाल्मलीने स्वतः ओढत नेली. जोडणी झाली. यंत्रावरचा लाल झालेला ठिपका एकदा मिटला, आणि हिरवा होऊन उघडला. आत बर्फाची नाडी टिकटिकत होती, कुठेही न अडखळता. आंगमोने दोन्ही हात जोडले.

आईने गोगलगाईच्या काट्याकडे पाहिलं आणि तिच्या कपाळावर आठी आली. “अठ्ठ्याण्णव? एवढा घाट उतरून? आणि टाकीतलं पाणी गरम आहे? खिचडीचा वास येतोय? आई, हे काय केलंस तू?”

“मी?” कुमुदआजी हळूच म्हणाली. “मी फक्त पाय उचलला गं विभा. बाकी सगळं आमच्या मंत्रीणबाईंनी केलं. चूक दोघींची अर्धी अर्धी, पण उपाय तिचाच.” एवढं बोलून तिने नातीच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिथेच राहिला. शाल्मलीला वाटलं, आपली पाठ एकदम दोन बोटं उंच झाली.

गरम पाण्याने हात धुताना आंगमोचा चेहरा असा उजळला, की खरंतर तोच दिवा पुरला असता. तरी दिवे लागले. आजीने गोगलगाईतल्या छोट्या देव्हाऱ्यात निरांजन लावलं, आणि चौघी ओट्याभोवती दाटीवाटीने बसल्या. वाढायला शाल्मली उठली.

“विचार करतेय मी,” वाढता वाढता ती म्हणाली. “या बाजूला वरच्या गावांत जर्दाळूच्या बागा आहेत ना, आंगमोताई? जर्दाळूची गाडी वरून भरून येते, म्हणजे जड. परत वर जाते ती रिकामी, म्हणजे हलकी.”

“बरोबर,” आंगमो म्हणाली. तिचं मराठी आईकडून शिकलेलं, जरा सावध.

“मग उतरताना ती जास्त वीज करेल, आणि चढताना कमी लागेल! कधी बाहेरून वीज भरायलाच नको. कदाचित थोडी उरेलसुद्धा. खालच्या शाळेला, तुमच्या यंत्राला… उन्हाची वाटच बघायला नको!”

आई आणि आजीने एकमेकींकडे पाहिलं. आई थोडी पुढे वाकली. “हे मोजून बघायला हवं,” ती म्हणाली. घरातलं बोलणं वेगळं, हे ती सहकाऱ्यांशी बोलते तसं म्हणाली. “उद्या बसू या दोघी.”

शाल्मलीने वाट्या पुढे केल्या. आंगमोने आपली वाटी पाहिली आणि हसली. “मंत्रीणबाई, इतकी खिचडी आहे, आणि वाटी अपुरी?”

“अपुरी नाही,” शाल्मली म्हणाली. “जागा ठेवलीय.”

आणि आजीने पळी घेऊन त्या बोटभर जागेत तूप वाढलं. आधी आंगमोला, मग आईला, मग शाल्मलीला, आणि सगळ्यांत शेवटी आपला उपास सोडला.